शोध आणि निवड : मराठी बालवाङ्मयाच्या उपलब्धतेचा प्रश्न

१

चांगले बालवाङ्मय कोणते, या प्रश्नाची चर्चा मराठीत बरीच झाली आहे. संस्कार की रंजन, बोध की आनंद, या द्वंद्वाभोवती ती प्रामुख्याने फिरत राहिली. परंतु जे चांगले आहे ते मुलाच्या हाती कोणत्या वाटेने येते, ती वाट कोण आखतो आणि तिच्यावर कोणती पुस्तके गळून पडतात, हा प्रश्न समीक्षेने आपला मानला नाही. तो ग्रंथपालांचा, शिक्षकांचा, फार तर प्रकाशकांचा प्रश्न समजला गेला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या वाटेचे स्वरूपच पालटले आहे. मुलासाठी पुस्तक हवे असलेला पालक किंवा शिक्षक आज पुष्कळदा वाचनालयाच्या कपाटाकडे जाण्याआधी संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर दोन-तीन शब्द लिहितो आणि समोर जे येते त्यातून काही उचलतो. बालवाङ्मयावर प्रबंध लिहू पाहणारा विद्यार्थीही याच मार्गाने जातो.

या व्यवहाराचा विचार करताना मराठीतील दोन क्रियापदे वेगळी ठेवणे उपयुक्त ठरते : ‘शोधणे’ आणि ‘निवडणे’. शोधण्यात वस्तू कोठे आहे हे कळते. निवडण्यात अनेकांतून एक का घ्यावे याचा निकष अनुस्यूत असतो आणि त्या निकषाची जबाबदारी घेणारी व्यक्ती किंवा संस्थाही असते. मराठी बालवाङ्मयाच्या सुमारे दोनशे वर्षांच्या इतिहासात निवडणारे कोणी ना कोणी नेहमीच होते. त्यांच्या निकषांशी आपले पटेल किंवा पटणार नाही; परंतु ते निकष ओळखता येतात व त्यांची चिकित्सा करता येते. आंतरजालावर शोध अतिशय सुकर झाला, मात्र निवडणारा अदृश्य झाला. निवड थांबली असा याचा अर्थ नव्हे. ती आता कायदा, लिपी आणि नोंदींची पद्धत यांच्याकरवी होते आणि तिच्यातून मराठी बालवाङ्मयाचा एक विशिष्ट, मध्येच खंडित झालेला इतिहास आकार घेतो. हा खंड कोठे पडतो आणि तो भरून काढण्यात समीक्षेचा वाटा कोणता, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

आरंभ मराठी मुलखाबाहेर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावर येथे सरफोजी राजांच्या छापखान्यात ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापच्या कथांचे मराठी रूपांतर छापले गेले. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी, १८२८ मध्ये, मुंबईत सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी इसापच्या कथा मराठीत आणल्या. त्याच वर्षी त्यांच्या ‘बाळमित्रा’चा पहिला भागही निघाला. तंजावरचे पुस्तक अस्तित्वात होते, पण मुंबई-पुण्याच्या मुलांच्या दृष्टीने ते उपलब्ध नव्हते. अस्तित्व आणि उपलब्धता यांतील हे अंतर मराठी बालवाङ्मयाच्या जन्मापासूनचे आहे.

‘बाळमित्रा’ची कुळकथा या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आर्नो बर्कां या फ्रेंच लेखकाने १७८०च्या दशकात मुलांसाठी लिहिलेले लेखन इंग्रजीत आले, इंग्रजीतून छत्र्यांनी ते मराठीत आणले. छत्रे हे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे एतद्देशीय चिटणीस होते. पुस्तक निवडणे, त्याचे भाषांतर करणे आणि ते शाळांपर्यंत पोहोचवणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेच्या छत्राखाली होत होती. मुलाने काय वाचावे याचा निर्णय येथे शिक्षणखात्याच्या पूर्वावताराने घेतला आणि तो निर्णय युरोपीय बालवाङ्मयाच्या तत्कालीन नीतिप्रधान परंपरेतून घेतला गेला. मराठी बालवाङ्मयातील बोधाचा आग्रह देशी परंपरेतून आला असे आपण सहज म्हणून जातो. त्याचा बराचसा भाग या पहिल्या निवडीतून आला आहे, हे विसरता कामा नये.

निवडीबरोबरच नोंदीचाही इतिहास सुरू झाला. अलेक्झांडर ग्रँट यांनी मुंबई इलाख्यातील १८६४ अखेरपर्यंतच्या देशी प्रकाशनांची सूची सिद्ध केली. त्यानंतर १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वये प्रत्येक मुद्रित पुस्तकाची नोंद सरकारदप्तरी होऊ लागली आणि तिच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता, विषय, पृष्ठसंख्या, आकार, प्रतींची संख्या, किंमत असे रकाने त्यांत असत. या याद्यांमागे वाचकाची सोय हा हेतू नव्हता. देशी मुद्रणावर नजर ठेवणे हा होता. तरीही कोणत्या वर्षी मुलांसाठी काय छापले गेले, किती प्रती निघाल्या, त्यांची किंमत काय होती, हे आज आपण सांगू शकतो ते या याद्यांच्या आधारे. ज्ञानाची साधने ज्या हेतूने निर्माण होतात त्याच हेतूने ती वापरली जातात असे नाही. आंतरजालाविषयी बोलतानाही हे भान ठेवावे लागते.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निवडीचे केंद्र सरकारी संस्थेकडून संपादकाकडे सरकले. अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे नियतकालिक १८७०च्या दशकात निघाले. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले. चरित्रे, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असा त्याचा ठरलेला घाट होता. वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये निघाले. शीर्षकांतील हा बदल पुरेसा बोलका आहे. ‘बालबोधा’कडून ‘आनंदा’कडे जाताना मुलाविषयीची धारणा बदलत होती, आणि ती बदलत असल्याचे वाचकाला कळत होते, कारण निवडीमागे एक नाव होते. मासिकाच्या वर्गणीदाराला आपण कोणाच्या अभिरुचीवर विश्वास टाकतो आहोत हे ठाऊक असे. संपादकाची चूक झाली तर ती संपादकाची चूक म्हणून दाखवता येत असे.

याच काळात बडोदे संस्थानात वेगळा प्रयोग घडला. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. ‘श्री सयाजी साहित्यमाले’बरोबरच मुलांसाठी ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ प्रकाशित होऊ लागली. पुस्तक निर्माण करणे आणि ते ठेवण्यासाठी ग्रंथालय उभारणे या दोन गोष्टी एकाच धोरणाचे दोन भाग मानल्या गेल्या, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. पुस्तक लिहिले की ते आपोआप वाचकापर्यंत जाते, हा भाबडा समज तेथे नव्हता.

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर, निवडीची सूत्रे पुन्हा शासनाकडे आली. मात्र अनेक हातांनी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे ‘बालभारती’ची, स्थापनाही त्याच वर्षी झाली. ग्रंथालयांना अनुदान, त्या अनुदानातून घ्यावयाच्या ग्रंथांच्या मान्य याद्या, राज्य वाङ्मय पुरस्कारांतील बालवाङ्मयाचे विभाग, नॅशनल बुक ट्रस्टच्या अनेक भाषांत एकाच वेळी निघणाऱ्या पुस्तकमाला, या सर्वांनी मिळून मुलांच्या पुस्तकांची एक अधिकृत फळी उभी केली. बालभारतीने १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. वसंत शिरवाडकर हे त्याचे पहिले संपादक. शासकीय संस्थेच्या आश्रयाने चालणाऱ्या या मासिकाने संपादकीय निवडीची जुनी परंपराही टिकवून धरली, ही त्याची विशेषता.

या संपूर्ण इतिहासात एक व्यावहारिक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. मुलांची पुस्तके लवकर झिजतात. ती हाताळली जातात, फाटतात, रंगवली जातात आणि यथाकाल वाचनालयाच्या दाखल-नोंदीतून निर्लेखित होतात. प्रौढांची कादंबरी कपाटात पन्नास वर्षे धूळ खात टिकते. मुलांचे लोकप्रिय पुस्तक लोकप्रिय असल्यामुळेच नष्ट होते. त्यामुळे पुढे जेव्हा जुन्या पुस्तकांच्या संगणकीय प्रतिमा घेण्याची वेळ आली, तेव्हा हाताशी आलेल्या प्रती पुष्कळदा फारशा न वाचल्या गेलेल्या पुस्तकांच्या होत्या. आंतरजालावरील जुन्या बालवाङ्मयाच्या साठ्यावरून त्या काळच्या मुलांच्या आवडीचे अनुमान काढणाऱ्याने एवढे लक्षात ठेवलेले बरे.

४

आज मराठी बालवाङ्मय आंतरजालावर शोधणाऱ्यापुढे साधारणतः चार प्रकारची साधने येतात. पहिला प्रकार जुन्या ग्रंथांच्या संगणकीय संग्रहांचा : डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया, इंटरनेट आर्काइव्ह, मराठी विकिस्रोत. दुसरा संस्थात्मक संग्रहांचा. ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने वाचकांसाठी खुले केले, ते याचे ठळक उदाहरण. तिसरा प्रकार खुल्या परवान्याच्या नव्या पुस्तकांचा. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर अनेक भाषांतील सचित्र पुस्तके वाचनाच्या पातळ्यांनुसार लावलेली आहेत आणि त्यांचे भाषांतर करण्याची मुभा कोणालाही आहे. अरविंद गुप्ता यांनी विज्ञानखेळण्यांच्या जोडीने उभारलेला बहुभाषिक पुस्तकसंग्रहही याच भावनेतून आलेला. चौथा प्रकार विक्रीच्या संकेतस्थळांचा. ‘बुकगंगा’सारख्या ठिकाणी बालसाहित्याचा स्वतंत्र विभाग असतो आणि काही पाने चाळूनही पाहता येतात.

ही चारही साधने उपकारक आहेत, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या गावापासून दूर असलेल्या शाळेतील शिक्षकाला ‘किशोर’चा पन्नास वर्षांपूर्वीचा अंक आज उघडता येतो, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु या साधनांतून मिळून जे चित्र उभे राहते ते कोणत्या कारणांनी तसे उभे राहते, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

त्या कारणांपैकी सर्वांत प्रभावी कारण स्वामित्वहक्काचा कायदा. १९५७ च्या भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क टिकत असे. १९९२ मध्ये ही मुदत साठ वर्षांची झाली. मुदतीची गणना मृत्यूनंतरच्या वर्षापासून होते. त्यानुसार १९१४ मध्ये दिवंगत झालेले ओक आणि १९३० मध्ये दिवंगत झालेले आपटे यांचे लेखन केव्हाच मुक्त झाले आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. ‘श्यामची आई’सह त्यांचे साहित्य २०११ च्या प्रारंभी मुक्त झाले. ‘गोट्या’कार ना. धों. ताम्हनकर १९६१ मध्ये गेले. त्यांचे लेखन २०२२ पासून मुक्त आहे. मात्र २००१ मध्ये निधन पावलेल्या भा. रा. भागवतांचे लेखन २०६१ अखेरपर्यंत आणि २०१० मध्ये गेलेल्या विंदा करंदीकरांच्या बालकविता २०७० अखेरपर्यंत कायद्याच्या संरक्षणात राहतील.

ही वर्षे एका ओळीत मांडली की खंड कोठे पडतो ते दिसू लागते. विनामूल्य आणि कायदेशीर रीतीने सहज सापडणाऱ्या मराठी बालवाङ्मयाच्या एका टोकाला एकोणिसाव्या शतकापासून सुमारे १९५० पर्यंतचे लेखन आहे. त्यावर बोधाची आणि संस्काराची छाया गडद आहे. दुसऱ्या टोकाला २०१५ नंतरची खुल्या परवान्याची चित्रपुस्तके आहेत. त्यांतील मराठी पुस्तकांत अनुवादांचा वाटा मोठा आहे. मधला काळ बऱ्याच अंशी रिकामा राहतो. आणि हा मधला काळच मराठी बालवाङ्मयाने बोधाच्या जोखडातून मान सोडवून घेण्याचा काळ होता. भागवतांचा फास्टर फेणे, त्यांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, विंदांच्या ‘राणीची बाग’सारख्या संग्रहांतील स्वैर आणि विक्षिप्त कल्पनाशक्ती, यांनी मुलाला उपदेशाचा श्रोता मानण्याचे नाकारले. केवळ मुक्त साठ्यांच्या आधारे जो कोणी मराठी बालवाङ्मयाचे चित्र रेखाटील, त्याला बोधापासून निघून थेट अनुवादित चित्रपुस्तकांवर यावे लागेल. स्वातंत्र्याचा जो टप्पा मराठीने स्वतःच्या बळावर गाठला, तो त्या चित्रात क्षीण होईल. अशा चित्रात मराठी बालवाङ्मयाचा आरंभही अनुवादाने होतो आणि वर्तमानही अनुवादानेच भरलेले दिसते. ‘बाळमित्रा’पासून आपण फारसे पुढे सरकलो नाही, असा निष्कर्ष त्यातून कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही, दोष साठ्याच्या रचनेत आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. स्वामित्वहक्क हा लेखकाचा न्याय्य हक्क आहे. मुलांसाठी लिहिणाऱ्या मराठी लेखकाला लेखनातून मिळणारे उत्पन्न तुटपुंजेच असते. त्यावर फुकट वाचनाच्या नावाखाली घाला घालण्याचे समर्थन करता येत नाही. मोबाइलवरून फिरणाऱ्या अनधिकृत पीडीएफ प्रतींनी ही हानी केलेलीच आहे. खरी अडचण हक्क टिकून असण्यात नाही. हक्क टिकून असतानाही पुस्तक पुन्हा छापले जात नाही, यात ती आहे. असे पुस्तक दुकानात नसते, वाचनालयातून निर्लेखित झालेले असते आणि आंतरजालावर येऊ शकत नाही. ‘किशोर’चा संग्रह या खंडावर पूल बांधतो तो एवढ्याचसाठी की अंकांची मालकी एका सार्वजनिक संस्थेकडे होती आणि तिने ते खुले करण्याचा निर्णय घेतला. म्हणून १९७१ नंतरच्या बालवाङ्मयाच्या अभ्यासकाला त्याचे मोल फार आहे. मात्र तोही एका संस्थेच्या निवडीचा दस्तऐवज आहे. त्याला त्या काळच्या बालवाङ्मयाचे संपूर्ण प्रतिबिंब समजणे चुकीचे होईल.

५

कायद्याइतकीच लिपीही निवड करते. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात लक्षावधी पृष्ठांच्या प्रतिमा घेतल्या गेल्या, पण देवनागरी ग्रंथांची नावे नोंदवली गेली रोमन लिपीत आणि तीही कोणत्याही एका नियमाने नव्हे. ‘श्यामची आई’ हे तीन अक्षरे आणि दोन अक्षरे यांचे साधे नाव रोमन लिपीत किती प्रकारांनी लिहिता येईल, याची कल्पना केली तरी अडचण ध्यानात येते. आरंभीचे व्यंजन एका प्रकारे, ‘ची’ दुसऱ्या प्रकारे, ‘आई’तील दीर्घ स्वर तिसऱ्या प्रकारे. लिहिणाऱ्याने जे रूप योजले तेच शोधणाऱ्याने योजले तर ग्रंथ सापडतो. अन्यथा तो असूनही नसतो. तंजावरच्या पुस्तकाची अवस्था येथे नव्या रूपात पुन्हा दिसते.

मराठी प्रकाशनव्यवहारात संगणकीय अक्षरजुळणी आली ती युनिकोडपूर्व अक्षरसंचांच्या रूपाने. श्रीलिपी, आकृती इत्यादींच्या साहाय्याने जुळवलेला मजकूर कागदावर उत्तम उमटतो, पण रूपांतर केल्याशिवाय त्यात शब्द शोधता येत नाही. १९९०च्या दशकात आणि नंतरही काही वर्षे छापल्या गेलेल्या पुस्तकांच्या संचिका प्रकाशकाकडे असल्या तरी त्या आंतरजालाच्या दृष्टीने मुक्या असतात.

याहून महत्त्वाचा भाग नोंदीच्या रकान्यांचा. बालवाङ्मयाच्या बाबतीत चित्रकार हा अनेकदा सहलेखक असतो. चित्रपुस्तकात तर संहिता म्हणजे शब्द आणि चित्र यांच्या परस्परसंबंधातून निर्माण होणारा अर्थ. तरीही मराठी ग्रंथनोंदींत चित्रकाराचे नाव असेलच असे नाही. अनुवाद असेल तर मूळ भाषा कोणती, मधली भाषा कोणती, हेही बहुधा नोंदवले जात नाही. वयोगट दिला असतो, पण तो कशाच्या आधारे ठरवला हे कळत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची एकहाती परिश्रमाने सिद्ध केली. तिच्या तोडीची, बालवाङ्मयाचे वेगळे स्वरूप ध्यानात घेणारी सूची आज हवी आहे. शोधयंत्र कितीही वेगवान असले तरी जे नोंदवलेच गेले नाही ते त्याला सापडत नाही.

६

आतापर्यंत ‘मूल’ हा शब्द एकवचनी वापरला. पण कोणते मूल? जॅकलीन रोझ यांनी १९८४ मध्ये पीटर पॅनच्या निमित्ताने लिहिलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, बालवाङ्मय हे प्रौढाने मुलासाठी लिहिलेले असल्याने त्यातील मूल हे प्रौढाच्या इच्छेने रचलेले असते. देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर त्या साहित्यप्रकाराच्या मुळाशीच आहे. हे प्रतिपादन संपूर्ण मान्य करण्याची गरज नाही. तरी निवडीच्या व्यवहाराला ते लागू पडते. निवडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक मूल असते आणि इतर मुलांना त्या मुलाच्या मापाचे कपडे घालावे लागतात.

सोलापूरसारख्या शहरात ही गोष्ट सैद्धान्तिक राहत नाही. शहराच्या पूर्व भागात विणकाम आणि यंत्रमाग यांच्या निमित्ताने स्थिरावलेल्या पद्मशाली समाजाच्या घरांतून तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या पट्ट्यात कन्नड घरोघर आहे. उर्दू आणि दखनी बोलणारा मोठा समाज येथे आहे. मराठी शाळेत बसलेल्या या मुलांपैकी अनेकांसाठी मराठी ही घराबाहेरची पहिली भाषा असते. मराठी मातृभाषा असलेल्या मुलासाठी ‘सहा ते आठ’ असा शिक्का मारलेले पुस्तक त्यांना त्या वयात पेलेलच असे नाही. आणि जे भाषेच्या दृष्टीने पेलते ते आशयाच्या दृष्टीने बाळबोध वाटते. शोधयंत्राला वय सांगता येते. ही दुहेरी अवस्था सांगण्याची सोय नसते. ती ओळखू शकतो तो शिक्षक. त्याला पुस्तकाच्या वाक्यरचनेविषयी, बोलीविषयी, चित्रांतून मिळणाऱ्या आधाराविषयी चार ओळींची विश्वसनीय माहिती मिळाली, तर त्याची निवड सार्थ होईल. एका भाषेतील गोष्ट तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी अशा चारही रूपांत शेजारी ठेवता येणे हा खुल्या परवान्याच्या पुस्तकांचा या मुलांसाठी सर्वांत मोठा लाभ आहे. पण त्या चार रूपांपैकी कोणता अनुवाद जिवंत आहे आणि कोणता शब्दाला शब्द ठेवून उरकलेला, हे कोणीतरी वाचून सांगावे लागते.

याच जिल्ह्यातील एक उदाहरण शोध आणि निवड यांतील भेद नेमका दाखवते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा उपक्रम केला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले आणि २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. या घटनेकडे तंत्रज्ञानाचा विजय म्हणून पाहिले गेले. साहित्यव्यवहाराच्या दृष्टीने तिचा अर्थ थोडा निराळा आहे. कोडच्या मागे जे उघडते ते कोणीतरी आधी पाहिलेले, पारखलेले आणि त्या पानाला जोडलेले असते. मुलाला अथांग साठ्यात सोडून न देता ओळखीच्या माणसाने निवडलेल्या जागी नेणारा तो दुवा आहे. ‘आनंद’च्या संपादकाने जे काम मासिकाच्या पानांतून केले, त्याचेच हे वेगळ्या साधनाने केलेले रूप म्हणता येईल.

मूल स्वतः शोधू लागते तेव्हा काय होते, याचेही एक उदाहरण नोंदवण्याजोगे आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या पुढाकाराने २००२ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय बाल-अंकीय ग्रंथालयाची रचना करताना मुलांनाच सहभागी करून घेतले गेले. तेव्हा मुखपृष्ठाचा रंग, पुस्तकाची लांबी, वाचून वाटणारी भावना, असे शोधाचे मार्ग त्यात समाविष्ट झाले. लेखकाचे नाव आणि विषय हे प्रौढांचे रकाने होत. मुलाला ‘ते निळे पुस्तक’ हवे असते. १८६७ च्या कायद्याच्या रकान्यांपासून आजच्या विक्रीस्थळांच्या विभागांपर्यंत मराठी पुस्तकांच्या नोंदी प्रौढांनी प्रौढांसाठी केल्या; मुलाला प्रश्नकर्ता मानून केलेली नोंद आपल्याकडे जवळजवळ नाही.

७

या विवेचनातून समीक्षेपुढे काही कामे उभी राहतात. वर्षातील निवडक बालपुस्तकांची, निवडीची कारणे देणारी यादी ही त्यांपैकी पहिली होय. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाने २०२० पासून अशी सन्मानयादी सुरू केली ती इंग्रजी आणि हिंदी पुस्तकांसाठी. मराठीत पुरस्कार आहेत. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो आणि २०१४ मध्ये तो माधुरी पुरंदरे यांना मिळाला. परंतु पुरस्कार एका पुस्तकाकडे किंवा लेखकाकडे बोट दाखवतो; यादी क्षेत्राचा नकाशा देते. पुरंदरे यांनीच ‘वाचू आनंदे’च्या बाल व कुमार गटांसाठीच्या भागांतून मराठी साहित्यातील वेचे मुलांसाठी निवडून ठेवले आहेत. निवड हे समीक्षात्मक कर्म असते आणि ते मुलाच्या हाती देण्याजोग्या रूपात करता येते, हे त्या संकलनाने सिद्ध केले आहे.

दुसरे काम विद्यापीठांतील मराठी विभागांना सहज करता येण्याजोगे आहे. बालवाङ्मयावरील प्रबंधांत ‘संस्कार आणि मनोरंजन’ या विषयाची आवृत्ती पुनःपुन्हा निघते. त्याऐवजी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ‘किशोर’च्या पाच-पाच वर्षांच्या अंकांची लेखनिहाय, चित्रकारनिहाय, अनुवादाच्या मूळस्रोतासह वर्णनात्मक सूची केली, तर दहा विद्यार्थ्यांत पन्नास वर्षांचा पट उभा राहील. ती देवनागरीत, युनिकोडमध्ये आणि सर्वांना खुली असावी. पुनर्मुद्रणाविना अडकलेल्या पुस्तकांची, त्यांच्या हक्कधारकांच्या माहितीसह केलेली यादी हे तिसरे काम. तिच्याविना प्रकाशकांशी आणि वारसांशी संवादच सुरू होऊ शकत नाही. बहुभाषिक परिसरात कोणते पुस्तक कसे वाचले गेले, याच्या शिक्षकांकडील नोंदी हे चौथे काम. सोलापूर, नांदेड, बेळगाव, गोवा येथे ते प्राधान्याने व्हावे.

ही कामे वरकरणी समीक्षेची वाटत नाहीत. सूची करणे हे दुय्यम, कारकुनी काम आहे, असा एक गैरसमज आपल्या विद्याक्षेत्रात रुजलेला आहे. परंतु कोणती पुस्तके दिसावीत आणि कोणती दिसू नयेत हे जेव्हा कायद्याच्या मुदती, अक्षरसंच आणि रोमन वर्णांची अनिश्चिती ठरवू लागतात, तेव्हा नोंद करणे हाच मूल्यनिर्णयाचा पहिला टप्पा होतो. छत्रे, ओक आणि आपटे यांच्या निवडींशी आपण वाद घालू शकतो, कारण त्या त्यांच्या होत्या. पडद्यावर उमटणाऱ्या यादीशी वाद घालायचा तर तिच्यासमोर ठेवण्यासाठी आपली, कारणांसह केलेली दुसरी यादी हवी. ती तयार होत नाही तोवर सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू घरातल्या मुलीला मराठी बालवाङ्मय म्हणून जे सापडेल, ते तिच्या पणजोबांच्या काळातले उपदेश आणि दुसऱ्या भाषांतून आलेल्या गोष्टी एवढ्यापुरतेच राहण्याचा धोका आहे. मधल्या अर्धशतकात या भाषेत मुलांसाठी जे खट्याळ, मोकळे आणि धाडसी लिहिले गेले, त्याचा पत्ता तिला शोधयंत्र देणार नाही. तो आपल्यालाच लिहून ठेवावा लागेल.